कोनशिलेला निधी, खराट्याला कवडी नाही

सार्वजनिक शौचालयाच्या दर्शनी भिंतीवर लोकप्रतिनिधीचे नाव किती ठसठशीत अक्षरांत असते, हे मुंबईतील कोणत्याही वस्तीत जाऊन पाहावे. निधी कोणाचा, उद्घाटन कोणाच्या शुभहस्ते, सारे संगमरवरावर कोरलेले. आत पाऊल टाकावे तर नळाला पाणी नाही, दाराला कडी नाही, दिवा केव्हाच नाहीसा झालेला. संगमरवर तेवढा शाबूत!

हा निव्वळ निष्काळजीपणा मानणे भाबडेपणाचे ठरेल. पैशाची रचनाच तशी आहे. खासदाराच्या स्थानिक विकास निधीचे वर्षाचे ५ कोटी रुपये असतात ते मुख्यतः टिकाऊ मालमत्ता उभारण्यासाठी. सफाई कामगाराचे वेतन, फिनेल, पाण्याचे देयक, मैलाटाकीचा उपसा या आवर्ती खर्चाला तेथे स्थान नाही. देखभाल करायची ती वास्तू ताब्यात घेणाऱ्या यंत्रणेने. ती यंत्रणा ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार वस्तीतील मंडळाकडे, आणि मंडळाचा कार्यकर्ता आभाळाकडे!

‘पैसे द्या आणि वापरा’ हा यावरचा आवडता तोडगा. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० साली ‘सुलभ’ची स्थापना केली आणि अल्प शुल्कात स्वच्छता राखता येते हे देशाला दाखवून दिले. त्यांचे श्रेय वादातीत आहे. परंतु स्थानकावरचा प्रवासी वेगळा आणि ज्याच्या घरात शौचालयच नाही तो झोपडीवासी वेगळा. माणशी ५ रुपये धरा. पाच जणांच्या कुटुंबाने दिवसातून एकदाच जायचे म्हटले तरी महिन्याचे ७५० रुपये होतात. मोलकरणीच्या कमाईतून हे कोठून निघावेत? मग पोरे रुळांकडे वळतात आणि आपण त्यांच्या संस्कारांवर व्याख्याने देतो. कुटुंबाला मासिक पास हा मार्ग त्यातल्या त्यात न्याय्य. स्त्रियांची कथा आणखी निराळी. पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांना त्याच गरजेसाठी पैसे, या अन्यायाविरुद्ध मुंबईतील महिलांना २०११ मध्ये चळवळ उभारावी लागली.

वाचवलेला पैसा अखेर माणसाच्या जिवातून वसूल होतो. कित्येक वस्त्यांतील शौचालये मलवाहिनीला जोडलेली नाहीत; सारा भार मैलाटाकीवर. ती वेळेवर उपसली नाही की वरची लादी खचते. मानखुर्दला फेब्रुवारी २०१७ मध्ये शौचालयाची जमीन खचून माणसे गेली. आणि उपसायची तर यंत्राचे भाडे परवडत नाही म्हणून माणूस उतरवला जातो. २०१३ च्या कायद्याने असे उतरवणे गुन्हा ठरवले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. तेवढ्या रकमेत मैलाटाकी किती वर्षे यंत्राने उपसता आली असती, हे गणित कोणत्या स्थायी समितीने कधी मांडले?

स्वच्छ भारत अभियानात २०१९ पर्यंत ग्रामीण भागात १० कोटींहून अधिक शौचालये उभी राहिली, याचा सार्थ अभिमान बाळगावा. महाराष्ट्राने तर त्याच्या कितीतरी आधी गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले. पण बाबांच्या हाती खराटा होता, कोनशिला नव्हती.

यापुढे दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम स्वतंत्र खात्यात जमा झाल्याखेरीज एकाही सार्वजनिक शौचालयाला मंजुरी देऊ नये. आणि संगमरवर हवाच असेल तर त्यावर सफाईचा वार्षिक खर्च आणि जबाबदार अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक कोरावा.