रिकाम्या पोडियमचं थेट प्रक्षेपण

15 मार्च 2016 ची रात्र. अमेरिकेत पाच राज्यांच्या प्रायमरीचे निकाल येत होते. बर्नी सँडर्स फिनिक्समध्ये हजारो लोकांसमोर भाषण करत होते. सीएनएन, फॉक्स आणि एमएसएनबीसी यांपैकी कुणीही ते दाखवलं नाही. ट्रम्प बोलायला येणार होते, म्हणून त्यांचा रिकामा पोडियम मात्र पडद्यावर होता.

सँडर्स त्या रात्री मागे पडले होते, मग त्यांना कशाला दाखवायचं? हा युक्तिवाद मला पटत नाही. त्याच रात्री मार्को रुबिओ हरून शर्यतीतूनच बाहेर पडले. त्यांचं भाषण दाखवलं गेलं. म्हणजे प्रश्न हरण्या-जिंकण्याचा नव्हता. कोण ‘गंभीर’ उमेदवार आणि कोण नाही, हे आधीच ठरलं होतं.

कधी ठरलं? एकही मत पडण्याआधी. टिंडाल रिपोर्टच्या मोजणीनुसार 2015 या अख्ख्या वर्षात तीन मोठ्या नेटवर्कच्या संध्याकाळच्या बातम्यांमध्ये ट्रम्पना 327 मिनिटं मिळाली, हिलरी क्लिंटनना 121 आणि सँडर्सना 20. यामागे कुणाचा कट होता असं मी म्हणत नाही. कारण साधं आहे: धंदा. सीबीएसचे तेव्हाचे प्रमुख लेस मूनव्हेस यांनी फेब्रुवारी 2016 मध्ये गुंतवणूकदारांसमोर सांगूनच टाकलं होतं की, हे सगळं अमेरिकेसाठी चांगलं नसेल, पण सीबीएससाठी फारच चांगलं आहे.

आकड्यांचा खेळ तर याहून वाईट. डेमोक्रॅटिक पक्षात तेव्हा सातशेहून जास्त सुपरडेलिगेट होते, म्हणजे पक्षाचे नेते आणि पदाधिकारी. त्यांचं खरं मत जुलैच्या अधिवेशनात पडणार होतं, तोवर ते बदलायची त्यांना मुभा होती. तरी वाहिन्यांच्या तक्त्यांत त्यांचा नुसता पाठिंबा लोकांच्या मतांनी जिंकलेल्या डेलिगेटमध्ये मिसळून दाखवला जात होता. न्यू हॅम्पशायरमध्ये 60 टक्के मतं घेऊन जिंकलेला माणूसही त्यामुळे मागेच दिसायचा. 6 जूनला तर कडेलोट झाला. दुसऱ्या दिवशी कॅलिफोर्नियासह सहा राज्यांत मतदान होतं, आणि एपी या वृत्तसंस्थेने सुपरडेलिगेटना विचारून, बेरीज करून जाहीर केलं: क्लिंटन यांची उमेदवारी पक्की! ज्यांनी अजून मत दिलंच नव्हतं, त्यांना सांगितलं गेलं की निकाल लागला.

क्लिंटन शेवटी सुमारे 37 लाख मतांनी पुढे होत्या, हे मला मान्य आहे. सगळं समान दाखवलं असतं तर सँडर्स जिंकलेच असते, असा माझा दावा नाही. पण वर्षभर एकाला 121 मिनिटं आणि दुसऱ्याला 20 दिली, तर शेवटचा फरक मतदारांनी किती केला आणि पडद्याने किती, हे कुणी सांगायचं? जिंकणारी जिंकली म्हणून मोजणाऱ्याची लबाडी माफ होत नाही.

पक्षाने 2018 मध्ये निदान नियम बदलला. चुरशीच्या लढतीत सुपरडेलिगेटना पहिल्या फेरीत मत देता येणार नाही, असं ठरलं. वाहिन्यांवर कसलंही बंधन आलं नाही. त्यांची सवय तीच आहे.

2028 मध्ये पुन्हा प्रायमरी येतील आणि त्यांच्या क्लिप्स तुमच्या-माझ्या फोनवरही येतील. ‘अमुक पुढे’ असा आकडा दिसला की एवढंच विचारा: ही पडलेली मतं आहेत, की कुणीतरी दिलेला शब्द? आणि तो आकडा दाखवताना कुणाचं भाषण कापलं गेलं?