वेंधळा चालेल, पण हसता यायला हवं!

स्थळ आलं की आपल्याकडे कशाकशाची चौकशी होते? मुलगा काय करतो, पगार किती, शेती किती, ती बागायती की जिरायती, ऊस कुठल्या कारखान्याला जातो, घर स्वतःचं आहे का, बहिणींची लग्नं झाली का. हल्ली त्यात 'पॅकेज' या शब्दाची भर पडलीय. बारामती असो नाहीतर इंदापूर, बायोडेटाचा कागद सगळीकडे सारखाच. वर गणपती, खाली मामाचं गाव. त्यात उंची असते, रक्तगट असतो, रास-नाडी-गण असतात. एक रकाना मात्र मी अजून कुठल्याच बायोडेटात पाहिलेला नाही. मुलगा हसतो का? आणि हसतो तर कुणाला हसतो?

तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच! पण मैत्रिणींनो, गेली दोनशे वर्षं बायका ज्या प्रेमकथा कामं उरकून, कधी कधी लपूनछपून वाचत आल्या, त्यातल्या चांगल्या कथांनी नेमका हाच रकाना भरलाय.

आपल्या कॉलेजातल्या मुली मोबाईलवर 'ब्रिजर्टन' नावाची मालिका बघतात. डिसेंबर २०२० मध्ये ती सुरू झाली. ज्युलिया क्विन या लेखिकेच्या कादंबऱ्यांवर ती बेतलेली आहे आणि तिच्या दुसऱ्या भागात तर मुंबईहून विलायतेला गेलेल्या दोघी बहिणी आहेत. या कथांचा काळ इंग्लंडमधला 'रीजन्सी' काळ. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला म्हणून १८११ ते १८२० या काळात त्याच्या मुलानं राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला, त्यावरून हे नाव पडलं. तेव्हा आपल्याकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई शेवटच्या घटका मोजत होती.

काळ जुना, मुलूख परका. पण वाचायला घेतलं की सगळं ओळखीचं वाटतं. पोरींच्या लग्नाच्या काळजीनं हैराण झालेली आई, कुणाचं स्थळ कुणी पळवलं याच्या कुजबुजी, टोमणे मारणाऱ्या आत्या-मावश्या. त्यांचे नाचाचे समारंभ म्हणजे आपले कांदेपोहेच, फक्त पोह्यांऐवजी नाच! जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ मध्ये आली. त्यातल्या डार्सीसाहेबांची ओळख गावाला होते तीच मुळी वर्षाला दहा हजार पौंड उत्पन्न म्हणून. म्हणजे पॅकेजच की! १९८५ मध्ये दूरदर्शनवर 'तृष्णा' नावाची हिंदी मालिका लागायची, ती याच कादंबरीवरची. आपल्यातल्या काहीजणींना ती आठवत असेल.

पण मला आज डार्सीबद्दल बोलायचं नाही. उंच, देखणा, अबोल, गर्विष्ठ नायक सगळ्यांनाच माहीत आहे. मला बोलायचंय त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाबद्दल. तो फार देखणा नाही. त्याची जहागीर नाही. पण तो समोर आला की बाई मोकळेपणानं हसते.

याच ऑस्टिनबाईंच्या 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरीत हेन्री टिल्नी नावाचा असा माणूस आहे. बाई गेल्या जुलै १८१७ मध्ये आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ही कादंबरी छापून आली. हेन्री पहिल्याच भेटीत कशावर बोलतो माहिती आहे? कापडावर! बहिणीसाठी त्यानं स्वतः अस्सल हिंदुस्थानी मलमल घेतलेली असते. तिचा भाव त्याला पाठ असतो आणि नायिकेच्या अंगावरचं कापड धुतल्यावर टिकेल का, याचीही त्याला शंका असते. वर तो उघडपणे सांगतो की मी कादंबऱ्या वाचतो आणि मला त्या आवडतात. ज्या काळात कादंबरी म्हणजे बायकांचं रिकामपणचं खूळ समजलं जाई, त्या काळात हे! तो नायिकेची, म्हणजे कॅथरीनची, थट्टा करतो तशी स्वतःचीही करतो. आणि नुसताच थट्टेखोर नाही हं. मुलगी श्रीमंत नाही असं कळल्यावर त्याचा बाप तिला घरातून अक्षरशः हाकलून देतो. तेव्हा हा हसरा मुलगा बापाला स्पष्ट नकार देतो, तिच्या गावी जातो आणि तिला मागणी घालतो. देण्याघेण्यावरून बैठक मोडताना मान खाली घालून बसलेले नवरदेव आपण पाहिलेत. म्हणून हेन्रीची किंमत आपल्याला जास्त कळते.

पुढे विसाव्या शतकात जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) या लेखिकेनं याच काळावर विनोदी प्रेमकथांची रांगच लावली. १९५३ मध्ये आलेल्या तिच्या 'कोटिलियन' या कादंबरीत एक चिक्कू म्हातारा जाहीर करतो की माझ्या भाचे-पुतण्यांच्या मुलांपैकी एकाशी लग्न करशील तर सगळी इस्टेट तुला. ही अट असते किटी नावाच्या, त्यानं सांभाळलेल्या पोरक्या मुलीला. किटीचा जीव असतो देखण्या, बेफिकीर जॅकवर. त्याला झोंबावं म्हणून ती साध्याभोळ्या फ्रेडीशी खोटाच साखरपुडा करते. फ्रेडीला अक्कल बेताची, असं सगळ्यांचंच मत. त्याला कपड्यातलं तेवढं उत्तम कळतं. लंडनमधले ते प्रसिद्ध ग्रीक पुतळे बघायला नेलं, तर त्यांना डोकी नाहीत, हात नाहीत, हे बघून गडी वैतागतो. पण प्रत्येक अडचणीत किटीला कळत जातं की जॅक फक्त बोलतो आणि फ्रेडी काम करून मोकळा होतो. कुणाला काय लागेल, कुणाला कसं वाटेल, हे त्याला न सांगता समजतं. शेवटी किटी फ्रेडीचीच होते आणि जॅकला फ्रेडीच्या हातचा एक ठोसाही बसतो!

आता कुणी म्हणेल, या सगळ्या करमणुकीच्या गोष्टी. यात विचार करण्यासारखं काय आहे? आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न झालं की बाईचा पैसाअडका नवऱ्याच्या हातात जायचा. विवाहित बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा पुरता हक्क देणारा कायदा तिथं १८८२ मध्ये झाला. म्हणजे या कथांमधल्या नायिकांना कायद्याचा आधार जवळजवळ नव्हताच. आयुष्यभराची सुरक्षितता म्हणजे एका माणसाचा स्वभाव. तो चिडका निघाला, हट्टी निघाला, तर दाद मागायची कुणाकडे? म्हणून तर स्वतःची चूक हसून मान्य करणारा पुरुष त्यांना लाखमोलाचा वाटायचा. जो स्वतःला हसू शकतो, तो सहसा हात उगारत नाही. ही काही शंभर टक्के हमी नव्हे, पण लक्षण चांगलं.

आपल्याकडे आज कायदे आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. पण राखी बांधायला माहेरी गेलेली बहीण साडी घेऊन आणि हक्कसोडपत्रावर सही करून परत येते, हेही आपल्याच तालुक्यांत घडतं. कागदावरचा हक्क सोडलेल्या बाईच्या हातात शेवटी उरतो तो सासरच्या माणसाचा स्वभावच. तेव्हा तो आधी पाहून घेणं हा पोरीचा नखरा नाही, शहाणपण आहे.

आणि असा नायक आपल्याला परका आहे का? मुळीच नाही. ना. सी. फडक्यांचे रुबाबदार, सुशिक्षित नायक एका बाजूला गाजत होते, त्याच काळात बडोद्याला पाली शिकवणाऱ्या चि. वि. जोशींनी चिमणराव जन्माला घातला. घाबरट, साधा, सतत फजिती करून घेणारा आणि ती फजिती स्वतःच आपल्याला सांगणारा! दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी तो उभा केला, तेव्हा घराघरातल्या बायकांना तो आपल्यातला वाटला. सई परांजपेंचा १९८३ चा 'कथा' बघा. स. गो. साठ्यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरचा हा सिनेमा. चाळीतला बुजरा कारकून राजाराम एकीकडे आणि थापा मारून छाप पाडणारा बाशू दुसरीकडे. सगळी चाळ भुलते बाशूला आणि वेळेला उभा राहतो राजाराम.

त्याच्याही मागे जायचं, तर आपल्या वाटेवरच या. दर आषाढीला तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत पुढे पंढरीला जाते. ज्याच्या भेटीला हे सगळे चालतात, त्या विठोबाची कथा काय आहे? रखुमाई रुसून दिंडीरवनात निघून आली आणि देव तिची समजूत काढायला तिच्या मागे आला. पंढरपुरात आजही तिचं देऊळ वेगळं आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर या नवरा-बायकोचे रुसवेफुगवे किती मजेनं गायलेत! जनीवरून रखुमाई देवाला फैलावर घेते, देव बिचारा गप्प. हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकारानं खेडोपाडी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. त्यात असा संसारी, बायकोपुढे गडबडणारा विठोबा जागोजागी भेटतो. ज्या बायकांना स्वतःच्या नवऱ्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती, त्यांनी देवाला मात्र मनासारखा नवरा करून टाकलं. विलायतेतल्या वाचणाऱ्या बायकांनी तरी वेगळं काय केलं?

इंदापूरजवळ दिलेली माझी एक मैत्रीण आहे. लग्नात तिच्या नवऱ्याला उखाणा घ्यायला लावला आणि गडी निम्म्यात अडकला. पाठ केलेलं सगळं विसरला. दुसरा कुणी असता तर रागावला असता, नाहीतर मित्रांवर ओरडला असता. हा कपाळावर हात मारून म्हणाला, "रात्रभर घोकलं हो, पण हिच्याकडं बघितलं आणि सगळं गेलं." अख्खा मांडव हसला. मैत्रीण सांगते, "तेव्हाच मला कळलं, हा माणूस निभावून नेईल." पुढे दोन वर्षं पाण्यानं दगा दिला, कर्ज झालं. ते दिवस दोघांनी काढले. हसत काढले असं मी म्हणणार नाही, पण एकमेकांवर न खेकसता काढले.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यायला हवी. विनोदी नवरा आणि बायकोवर विनोद करणारा नवरा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सकाळी मोबाईल उघडला की बायकोवरचे विनोद येऊन पडलेले असतात. बायको म्हणजे कटकट, बायको म्हणजे खर्च, बायको माहेरी गेली की दिवाळी. चारचौघांत बायकोच्या इंग्रजीवर, जाडीवर, तिच्या माहेरावर हसणारे आणि तिला वाईट वाटलं की "तुला गंमतच कळत नाही" म्हणणारे कितीतरी. हेन्री आणि चिमणराव हसतात ते आधी स्वतःला. समोरच्याला लहान करून जो मोठा होतो, त्याला विनोदी म्हणू नका. कुजकट म्हणा.

"असली पुस्तकं वाचून पोरी भलत्याच अपेक्षा धरतात," अशी तक्रार असते. त्यात थोडं तथ्य आहे. या कादंबऱ्या लग्नापाशी संपतात आणि संसार तर तिथून सुरू होतो. त्यातले वाडे आणि बग्ग्या आपल्या नशिबी नाहीत. पण त्यातून बग्गी मागायला शिकलेली मुलगी मी पाहिलेली नाही. 'माझं बोलणं पुरतं ऐकून घेणारा माणूस हवा', एवढं मागायला शिकलेल्या मात्र पाहिल्यात. ही अपेक्षा भलती म्हणायची का?

आता थोडं मुलांच्या आयांशी. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला. लोक हसले. पण दुखणं खरं आहे. मुली पोटातच मारल्या गेल्या, हे त्या मोर्चानंही मांडलं. शेतीचा भरवसा नाही, म्हणून शेतकरी मुलाला कुणी मुलगी देत नाही, हेही खरं. हे एका दिवसात बदलणार नाही. पण आपल्या हातात आहे तेवढं करूया. पोराला चहा करायला शिकवूया. चूक झाली की "चुकलं माझं" म्हणायला आणि फजिती झाली की हसायला शिकवूया. पाच एकर ऊस सगळ्यांकडे नसतो. मोकळा स्वभाव मात्र कुणालाही घरच्या घरी पिकवता येतो, त्याला नीरेचं आवर्तन लागत नाही.

आणि मुलींनो, बघायच्या कार्यक्रमात "तुम्हा दोघांना काही बोलायचं असेल तर बोला" म्हणून पाच मिनिटं गच्चीवर पाठवतात ना? तिथं पॅकेज विचारू नका, ते वडील विचारतीलच. तुम्ही विचारा, "तुमची शेवटची फजिती कधी झाली?" हसत हसत सांगायला लागला, तर पुढची बोलणी करायला हरकत नाही. "माझी कधी फजिती होत नाही," असं म्हणाला, तर पोहे खाऊ द्यावेत आणि विचार करून कळवतो म्हणावं!