बाळ की बाळंतीण?

प्रसूतिगृहाच्या दारात येरझारा घालणाऱ्या नवऱ्यापुढे डॉक्टर येऊन उभे राहतात आणि खालच्या आवाजात ‘बाळ हवे की बाळंतीण?’ असे विचारतात, हा प्रसंग आपल्या चित्रपटांनी इतक्या वेळा रंगविला आहे की, प्रश्न भलत्याच माणसाला विचारला जात आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. आणि पुष्कळदा तसा प्रश्नच शिल्लक उरलेला नसतो, याची जाणीव तर त्याहूनही विरळा.

बेळगावात वाढलेल्या दंतवैद्य सविता हलप्पनवार २१ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधील गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा त्यांना सतरावा आठवडा चालू होता. गर्भपात अटळ असल्याचे निदान झाले, पाण्याची पिशवीही फुटली, म्हणजे बाळ वाचविण्याचा पर्याय त्या खोलीत उरलाच नव्हता. तरीही गर्भाशय रिकामे करण्याची त्यांची विनंती, गर्भाचे ठोके चालू आहेत एवढ्या सबबीवर, नामंजूर झाली. आईच्या जिवाला धोका असेल तर तेथील कायद्यातही मुभा होती. परंतु ‘प्रकृतीस अपाय’ कोठे संपतो आणि ‘जिवास धोका’ कोठे सुरू होतो, याची सरहद्द आखीत बसलेल्या वैद्यांच्या डोळ्यांदेखत जंतुदोष रक्तात भिनला, आणि २८ ऑक्टोबरला, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्या गेल्या. पुढे २०१८ च्या मे महिन्यात आयरिश मतदारांनी घटनेतील गर्भपातावरचे बंधन सुमारे ६६ टक्के मतांनी रद्द केले.

आपला १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा या बाबतीत अधिक शहाणा आहे. स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी गर्भपात तातडीने आवश्यक आहे, असे एका नोंदणीकृत वैद्याचे सद्भावनेने बनलेले मत असेल, तर कलम ५ अन्वये ना आठवड्यांची मर्यादा आड येते, ना दुसऱ्या वैद्याच्या मताची अट. आणि सज्ञान, स्वस्थचित्त स्त्रीच्या संमतीखेरीज दुसऱ्या कोणाच्याही संमतीची गरज कायदा सांगत नाही. व्यवहारात मात्र नवऱ्याची, प्रसंगी सासऱ्याचीही सही आल्यावाचून कागद हलत नाही, आणि ती मिळाली तरी ‘उगाच लफडे नको’ म्हणून बाईची रवानगी जिल्ह्याच्या ठिकाणी होते. डॉक्टरांची ही धास्ती अगदीच अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. रुग्ण दगावताच दवाखान्याच्या काचा फोडणारे नातेवाईक आणि गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे गर्भपात या शब्दालाच चिकटलेला संशय, या दोहोंना त्यांनाच तोंड द्यावे लागते. पण रक्तस्राव होत असलेल्या बाईला रुग्णवाहिकेतले ते दोन तास कोण परत देणार?

माझी मागणी अगदी किरकोळ खर्चाची आहे. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी जेथे जेथे टांगलेली असते, तेथे तिच्या शेजारी सरकारने कलम ५ चा मजकूर, सोप्या मराठीत आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत, लावावा.