निविदा निघण्याआधीच फुगतो खर्च!

विशेष प्रतिनिधी

मुंबई – एकाच पुलासाठी दोन कंपन्या बोली लावतात. एक म्हणते, ९ वर्षे ११ महिने आणि १ दिवस टोल वसूल करू द्या, पूल तुमचा. दुसरी म्हणते, आम्हाला ७५ वर्षे हवीत. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूच्या निविदा फेब्रुवारी २००८ मध्ये उघडण्यात आल्या, तेव्हा नेमके हेच घडले. समुद्र तोच, लांबी तीच, वाहनेही तीच. तरीही दोन अंदाजांत साडेसात पटींची तफावत. एवढी तफावत पडते, तेव्हा बोली लावणाऱ्यांच्या हेतूंची चर्चा होणे स्वाभाविकच आहे. मात्र निविदा मागविणाऱ्या यंत्रणेकडे स्वतःचा विश्वासार्ह हिशेब होता का, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न तेव्हाही मागे पडला आणि आजही मागेच आहे.

कमी मुदतीची बोली व्यवहार्य नाही म्हणून आणि जास्त मुदतीची परवडणारी नाही म्हणून, अशा दोन्ही बोली बाद झाल्या. त्यानंतर फेरनिविदेला प्रतिसाद मिळाला नाही. प्रकल्प पुढे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आला. पण ऑगस्ट २०१३ मध्ये पात्र ठरलेल्या पाचपैकी एकाही समूहाने बोली लावली नाही. खासगीकरणाचा नाद सोडून जपानच्या ‘जायका’चे कर्ज घेण्याचे ठरले, तेव्हा कुठे नोव्हेंबर २०१७ मध्ये तीन टप्प्यांतील कामांचे करार झाले. २०१२च्या सुमारास ९ हजार ६३० कोटी रुपयांचा मानला गेलेला हा सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला, तेव्हा खर्चाचा आकडा १७ हजार ८४० कोटींवर पोहोचला होता. या वाढीचा मोठा भाग कागदावर गेलेल्या वर्षांचा आहे. प्रत्यक्ष बांधकाम सुमारे सहा वर्षांत उरकले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

अंदाजपत्रक कसे तयार होते?

सरकारी बांधकामाचा प्रवास ठरलेला असतो. आधी ढोबळ खर्चावर प्रशासकीय मान्यता, मग सविस्तर नकाशे व परिमाणांवर तांत्रिक मान्यता, त्यानंतर निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. खोदाई, काँक्रीट, पोलाद, भराव अशा प्रत्येक बाबीचे परिमाण काढून त्याला दरसूचीतील दराने गुणायचे. त्यात कर, सादिलवार खर्च, भूसंपादन आणि वाहिन्या हलविण्याचा खर्च मिळवायचा. गणित सोपे आहे. मात्र गुणाकारातील पहिली संख्याच चुकीची असेल, तर दर कितीही अचूक असले तरी उत्तर चुकणारच.

ही पहिली संख्या जमिनीखाली दडलेली असते. पुरेशा ठिकाणी छिद्रे घेऊन खडकाची पातळी तपासली नाही, तर पायाची खोली हा निव्वळ तर्क ठरतो. शहरांत त्यात जुन्या जलवाहिन्या, वीजवाहिन्या आणि सांडपाण्याच्या नळांची भर पडते. सर्वेक्षणावर होणारा खर्च एकूण खर्चाच्या तुलनेत किरकोळ असतो. पण मान्यता मिळण्यापूर्वी तेवढा निधी कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचा, यावरच घोडे अडते. त्यामुळे आधी निविदा, मग सर्वेक्षण आणि त्यानंतर भूसंपादन असा वरातीमागून घोडे नाचविण्याचा प्रकार सर्रास घडतो.

वांद्रे-वरळी सागरी सेतूचा अनुभव बोलका आहे. सुमारे ६६० कोटी रुपयांत आणि पाच वर्षांत तो पूर्ण होणे अपेक्षित होते. १९९९ मध्ये पायाभरणी झाली. मात्र याचिका आणि आराखड्यातील बदल यांत वर्षे गेली. जून २००९ मध्ये तो खुला झाला, तेव्हा खर्च १ हजार ६०० कोटींच्या घरात गेला होता.

सुधारित मान्यतेचे दार

मूळ अंदाज कमी दाखविण्यामागे केवळ अज्ञान असते असे नाही. आकडा लहान असला की मान्यता लवकर मिळते. एकदा नारळ फुटला, अर्धा बंधारा उभा राहिला की काम थांबवा असे म्हणण्याची कोणाचीच छाती होत नाही. मग ‘सुप्रमा’ अर्थात सुधारित प्रशासकीय मान्यता एकामागून एक घेतल्या जातात. गोसीखुर्द प्रकल्प हे याचे ठळक उदाहरण. सुमारे ३७२ कोटी रुपये मूळ किमतीच्या या प्रकल्पाची पायाभरणी एप्रिल १९८८ मध्ये झाली. पुढे ही किंमत १८ हजार कोटींच्याही पलीकडे गेली, म्हणजे जवळपास ५० पटींची वाढ झाली. महागाई, पुनर्वसन आणि व्याप्तीतील बदल ही तिची कारणे खरीच. पण कालव्याच्या अस्तरीकरणाचा दर्जा निकृष्ट निघाल्याने काही कामे पुन्हा करावी लागली, हेही तितकेच खरे. अडीच लाख हेक्टर सिंचनाच्या आशेवर ज्यांनी जमिनी दिल्या, त्यांच्या पुढच्या पिढीलाही पाण्याची वाट पाहावी लागली.

विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ मध्ये अवघ्या सात महिन्यांत ६ हजार ६७२ कोटींवरून २६ हजार ७२२ कोटींवर गेल्याचे पुढे उघडकीस आले. २०१२ मध्ये राज्य सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली. सात महिन्यांत सिमेंट चौपट महागत नाही. त्यामुळे एक तर आधीचा अंदाज खोटा असतो किंवा नंतरचा, असाच निष्कर्ष निघतो.

स्वस्त बोलीची किंमत

अंदाज फुगलेला असो वा तोकडा, शेवटी काम सर्वांत कमी दर देणाऱ्यालाच मिळते. अंदाजपत्रकाहून ३०-३५ टक्के कमी दराच्या निविदा आल्या की पैसे वाचल्याचा आनंद व्यक्त होतो. परंतु एवढी कपात परवडत असेल तर अंदाज चुकला आहे आणि परवडत नसेल तर दर्जा घसरणार आहे, हे कोणी बोलून दाखवीत नाही. कंत्राटदार मग अतिरिक्त बाबी आणि वाढीव परिमाणे यांतून तूट भरून काढतो किंवा काम अर्ध्यावर सोडून जातो. अतिरिक्त सुरक्षा ठेवीच्या अटीने या प्रकाराला काहीसा आळा बसतो. तो पूर्णपणे थांबत नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये निवडक कामांत दर्जालाही ३० टक्क्यांपर्यंत गुण देण्याची मुभा दिली. मात्र दर्जाचे गुण देणारा हात निःपक्ष असेल, तरच या मुभेचा उपयोग.

पात्रतेच्या टप्प्यावर काय घडू शकते, हे मे २०२५ मध्ये दिसले. ठाणे-घोडबंदर ते भाईंदर बोगदा व उन्नत मार्गाच्या सुमारे १४ हजार कोटींच्या कामांत लार्सन अँड टुब्रो तांत्रिक टप्प्यावर अपात्र ठरली. आपली बोली कमी असल्याचा दावा कंपनीने केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे प्रश्न विचारले जाताच प्राधिकरणाने निविदा प्रक्रियाच रद्द केली व खर्चाच्या मूळ अंदाजाचाही फेरविचार करण्याचे ठरविले. हा फेरविचार निविदेपूर्वीच का झाला नाही, हे अनुत्तरितच आहे.

तरतूद नाही, आदेश मात्र आहेत

नियोजनाचा शेवटचा धागा निधीचा. निधीची खात्री नसताना कार्यारंभ आदेश देण्याची सवय राज्याला महागात पडत आहे. २०२५ मध्ये कंत्राटदारांच्या संघटनांनी सुमारे ८९ हजार कोटींची देयके थकल्याचा दावा केला. थकबाकीचा नेमका आकडा वादाचा विषय असू शकेल. परंतु देयक दोन वर्षांनी मिळणार हे ठाऊक असलेला कंत्राटदार पुढच्या निविदेत त्या दोन वर्षांचे व्याज आधीच मिळवून ठेवतो. लहान कंत्राटदार बाहेर पडतात, स्पर्धा आटते आणि दर चढतात.

यावरचे उपाय नवे नाहीत. सर्वेक्षणासाठी स्वतंत्र निधी, बहुतांश जमीन ताब्यात आल्याखेरीज निविदा नाही, अंदाजपत्रकाची त्रयस्थ तपासणी आणि प्रत्येक ‘सुप्रमा’मागील कारणांचा तपशील जाहीर करणे, एवढे केले तरी बराच फरक पडेल. प्रत्येक प्रकल्पाचा मूळ अंदाज, मंजूर निविदा आणि अंतिम देयक हे तीन आकडे शेजारी-शेजारी मांडून संकेतस्थळावर टाकण्यास तर खर्चही येत नाही. उद्घाटनाच्या फलकावर मान्यवरांची नावे असतात. त्याच फलकावर हे तीन आकडे कोरले गेले, तर कोणाच्या काळात किती खर्च फुगला हे नागरिकांना माहितीच्या अधिकाराचा अर्ज न करताही कळेल.