आकडा खात्याखात्याने मांडा!

गिरणीत माणसे किती, एवढे सांगून साहेब मोकळा होई. आपण विचारायचो, कुठल्या खात्यात? कायम किती, बदली किती? १९२८ साली विणकराला दोनाऐवजी तीन माग सांभाळायला सांगितले. माल वाढणार, माणूस घटणार! मुंबईत सहा महिने संप चालला तो याच हिशेबावर.

बंधुभगिनींनो, हाच हिशेब इगतपुरीला लावा. थळ घाटाची चढण सदतिसास एक, इंजिनाचा जीव काढणारी. १९३० च्या सुमारास घाटात वीज आली आणि कोळसा ओढणाऱ्या फायरमनचे काम गेले. पुढे मुंबईकडची डीसी नि भुसावळकडची एसी वीज इगतपुरीत भेटे, म्हणून इथे गाडीचे इंजिन बदलत. २००६ मध्ये घाटातही एसी आली, तेही काम सरले. गाड्या काही कमी झाल्या नाहीत, बरं का!

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. गोंदे-वाडीवऱ्हेकडे कारखाने आहेतच. आता रोजगारवाढीचे अंदाज निघतील. त्यात इंजिनिअर, फिटर, हमाल नि हॉटेलातला पोऱ्या एकाच पोत्यात कोंबू नका. म्हातारे निवृत्त होऊन रिकाम्या होणाऱ्या जागा ‘नव्या’ म्हणून खपवू नका. कोणत्या उद्योगात, कोणत्या कामाच्या, कायम किती, कंत्राटी किती, आणि त्यासाठी आयटीआयत कोणता वर्ग काढणार, हे आम्हाला हवे. यादी मराठीत हवी आणि इगतपुरी नगरपरिषदेच्या फळ्यावर लागायला हवी.