‘शॉकअप गेले’ म्हणायच्या आधी

रावेर, भुसावळ, जळगावकडून असीरगडला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितो आहे. बऱ्हाणपूर सोडलं की वीसेक किलोमीटरवर गड. दक्षिणेचा दरवाजा म्हणायचे त्याला. १६०१ मध्ये अकबराने घेतला, १८१९ मध्ये इंग्रजांनी. त्या सैन्यांच्या वाटेनेच आपली अल्टो नाहीतर वॅगनआर जाते. फरक इतकाच की तिच्यात पाचांच्या जागी सात माणसं असतात आणि परतताना मावा जलेबीचे पुडे.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी कुठूनतरी ‘खट खट’ ऐकू येतं. आपण गॅरेजात जातो आणि म्हणतो, ‘‘मिस्तरी, शॉकअप गेले.’’ कृपा करून हे वाक्य बोलू नका.

मी बोललो होतो. मागचे दोन्ही शॉकअप नवे घातले, पैसे मोजले, आवाज जागच्या जागी. महिनाभराने डिकीतली चटई उचलली, तर जॅक ढिला पडून पत्र्यावर आपटत होता. अर्धी चूक मिस्तरीची, अर्धी माझी. मी त्याला दुखणं सांगितलंच नाही, थेट औषध सांगितलं.

तेव्हा पहिलं काम, डिकी रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनी बाहेर काढून एक चक्कर मारा. तरीही आवाज आला तर तो केव्हा येतो हे कागदावर लिहा. हा ‘केव्हा’ फार कामाचा असतो. लहान लहान खड्ड्यांत, एक चाक वर एक खाली होताना सुका खटखटाट होतो, पण स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली की थांबतो, तर लिंक रॉडवर संशय घ्या. दोन्ही चाकं सारखी उचलली गेली की दोन्ही बाजूंच्या लिंक रॉडना जोडणारी मधली पट्टी पिळली जात नाही, म्हणून रॉडवर ताण येत नाही. (काही लहान गाड्यांत लिंक रॉड नसतोच, पट्टी थेट आर्मला जोडलेली असते, तिथे तिचे रबर पाहायचे.) ब्रेक मारताना किंवा रिव्हर्स घेताना एकच ‘धप्प’ आला तर लोअर आर्मचे बुश. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग टणकन सुटल्यासारखी वाजली तर वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग. पूर्ण वळणावर एक्सिलरेटर देताना टकटक आली, तर तो सस्पेन्शनचा विषयच नाही, एक्सलचा जॉइंट बघा. आणि वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बहुतेक वेळा चाकाच्या बेअरिंगची किंवा टायरची असते.

मग शॉकअपचं काय? इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप फक्त स्प्रिंगचं उसळणं आवरतो. त्यामुळे एका बाजूने गाडी बसलेली दिसली तर आधी स्प्रिंग पाहा. खालचा वेढा तुटलेला असू शकतो. शॉकअप थकला की गाडी झोके खाते, आणि ते आपल्या भागात लवकर कळतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. त्या लाटांवर गाडी दोन-तीनदा डोलत राहिली, टायर जागोजागी खोलगट झिजला, शॉकअपच्या अंगावरून तेल ओघळलं, तर बदला. आणि बदलाल तेव्हा डावा-उजवा जोडीने. नुसता तेलकट धुरळा चिकटलेला असेल तर घाई नको.

एक परीक्षा घरी होते. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. पुढचं एक चाक जॅकवर उचला, पण गाडीखाली शिरू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावं-उजवं धरून हलवा. तिथला खेळ सहसा टाय रॉडचा. बॉल जॉइंट ढिला असेल तर गड पुढच्या महिन्यात बघा. तो निसटला की चाक आडवं पडतं, आणि घाटात तेव्हा काही हातात राहत नाही.

स्ट्रटचा, म्हणजे पुढच्या शॉकअप-स्प्रिंगच्या जोडीचा, वरचा मधला नट मात्र घरी अजिबात खोलू नका. स्प्रिंग दाबलेली असते. सुटली तर जबडा फोडेल. आणि गाडी उंच करायला स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर ठोकतात तेही मला पटत नाही. सात माणसांवरचा उपाय म्हणजे दोन माणसांना एसटीने पाठवणं.

गॅरेजात काम करून घेताना दोन गोष्टी मागून घ्या. काढलेला जुना भाग हातात घ्या. फाटलेला बुश बोटाने दाबला की कळतो. दुसरी गोष्ट पुष्कळ मिस्तरी टाळतात. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना शेवटचे आवळायचे नसतात. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन त्यांच्यावर, मग आवळायचे. नाहीतर गाडी खाली आली की बुश पिळलेल्या अवस्थेतच राहतो आणि नवा असून लवकर फाटतो. त्यानंतर व्हील अलाइनमेंट.

पैसे देण्याआधी मिस्तरीला शेजारी बसवा आणि तुमच्या कागदावर लिहिलेल्या त्याच खड्ड्यावरून गाडी न्या.