इलेक्ट्रिक गिटारचा भोपळा

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांच्या गप्पांत अ‍ॅम्पमधल्या (म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरमधल्या) ट्यूबला जो मान मिळतो तो स्पीकरला सहसा मिळत नाही. ट्यूब डोळ्यांना दिसते. काचेच्या आत लालसर तार पेटलेली असते, ती तापते, झिजते, उपसून बदलता येते आणि तिच्यावर कारखान्याचं नाव छापलेलं असतं. त्यामुळे आवाज मनासारखा येईनासा झाला की संशय आधी तिच्यावर जातो आणि पैसेही तिच्यावरच खर्च होतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातल्याची बातमी आली तेव्हा ट्यूबसाठी जगभर धावाधाव झाली आणि भाव चढले, कारण गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये लागणाऱ्या ट्यूब आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन याच देशांतून येतात. आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी रेडिओसाठी बनवलेल्या जुन्या ट्यूबही शौकीन शोधत असतात. स्पीकरसाठी अशी धावाधाव कुणी केलेली ऐकिवात नाही. मला हा क्रमच उलटा वाटतो. ट्यूब अ‍ॅम्पमधून चांगला टोन काढायचा असेल तर पहिला विचार स्पीकरचा आणि त्याच्या पेटीचा व्हावा, दुसरा अ‍ॅम्प किती वॅटचा याचा, आणि ट्यूब कुठल्या कारखान्याची हा अगदी शेवटी.

याचं कारण वाद्याच्या रचनेतच आहे. तंबोऱ्याची तार कितीही उत्तम असली तरी भोपळा आणि जवारी लावलेली घोडी यांच्याशिवाय ती तंबोऱ्यासारखी वाजत नाही. मिरजेचे कारागीर भोपळा निवडण्यात आणि जवारी काढण्यात आयुष्य घालवतात ते म्हणूनच. इलेक्ट्रिक गिटारला असा भोपळा नाही. ती बहुधा भरीव लाकडाची असते आणि तिच्या तारा पिकअपमध्ये फक्त क्षीण वीज निर्माण करतात. त्या विजेला हवेत आकार देणारं अंग म्हणजे स्पीकरचा कागदी कोन आणि तो ज्यात बसवला आहे ती पेटी. घरी गाणी ऐकायच्या चांगल्या स्पीकरने स्वतःचं काही मिसळू नये, २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत जे आलं ते तसंच पोचवावं अशी अपेक्षा असते. गिटारच्या स्पीकरचा धर्म वेगळा. सेलेशन कंपनीच्या प्रसिद्ध ग्रीनबॅक स्पीकरचा पल्ला कंपनीच्याच माहितीपत्रकात ७५ ते ५,००० हर्ट्झ असा दिलेला असतो. पाच हजारांच्या वरचं तो झपाट्याने गाळतो आणि दोन-तीन हजारांच्या आसपासचं थोडं उचलून धरतो. अ‍ॅम्पचा आवाज फाटू लागतो तेव्हा त्यात फार वरच्या कंपनसंख्यांचा कचरा तयार होतो. हाच फाटलेला सिग्नल स्पीकर टाळून सरळ हाय-फाय संचाला जोडला तर कानाला बोचणारी कोरडी कुरकुर ऐकू येते, मग आत ट्यूब कितीही दुर्मीळ असो. ज्याला आपण उबदार, भरदार टोन म्हणतो त्यातली बरीचशी ऊब या गाळण्यात आहे.

इतिहासाने तर हा प्रयोग आपल्यासाठी जवळजवळ करूनच ठेवला आहे. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या फेंडर कंपनीने बासमन नावाचा अ‍ॅम्प काढला. दशकाच्या अखेरीच्या त्याच्या रूपात जेन्सनचे दहा-दहा इंची चार स्पीकर होते आणि पेटी मागून उघडी होती. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बासमनचं सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ बनवला. सर्किट इतकं जवळचं की आराखडे शेजारी शेजारी ठेवले तर फरक शोधावे लागतात. पण मार्शलने तो सेलेशनच्या बारा इंची स्पीकरना जोडला आणि लवकरच असे चार स्पीकर मागून बंद असलेल्या पेटीत बसवले. एकातून अमेरिकी ब्लूजचा मोकळा, चमकदार सूर आला, दुसऱ्यातून ब्रिटिश रॉकचा छातीत घुसणारा गडद आवाज. कुणी म्हणेल की दोन्हींच्या ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मरही वेगळे होते. होते, आणि त्यांचा वाटाही आहे. पण तोच अ‍ॅम्प उघड्या पेटीवरून काढून बंद पेटीला जोडला की खालचे स्वर कसे घट्ट होतात हे नवख्या कानालाही क्षणात कळतं. दोन कारखान्यांच्या एकाच जातीच्या ट्यूब ओळखायला मात्र भल्याभल्यांना एकाग्र व्हावं लागतं. रॉकच्या फाटलेल्या आवाजाचा उगमही स्पीकरपाशी वारंवार सापडतो. १९५१ च्या ‘रॉकेट ८८’ या ध्वनिमुद्रणाच्या वेळी अ‍ॅम्पचा स्पीकर प्रवासात बिघडला होता, त्यात कागद कोंबून काम भागवलं आणि त्या गुरगुरीने इतिहास घडवला. १९६४ मध्ये किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कोन ब्लेडने चिरला आणि त्यातून ‘यू रिअली गॉट मी’चा तो दणकट आवाज निघाला. दोन्ही वेळी ट्यूबला कुणी हातही लावला नव्हता.

यावरचा सगळ्यांत भक्कम आक्षेप असा की मग ट्यूब अ‍ॅम्पच कशाला, तोच स्पीकर ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला जोडला तरी तोच टोन मिळायला हवा. तसा तो मिळत नाही, हे खरं आहे. ट्यूब मर्यादा ओलांडताना एकदम कापत नाही, हळूहळू दबते. बोटांचा जोर वाढवला की आवाज फाटत जातो, जोर सोडला की पुन्हा स्वच्छ होतो, आणि वादकाला हवा असतो तो हाच संवाद. पण ट्यूब अ‍ॅम्प वेगळा वाटण्याचं आणखी एक मोठं कारण स्पीकरकडेच नेतं. आठ ओहमचा म्हणून विकला जाणारा स्पीकर प्रत्येक स्वराला आठ ओहमचा नसतो. त्याच्या नैसर्गिक अनुनादाच्या जागी, म्हणजे साधारण ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास, त्याचा अवरोध कित्येक पटींनी वाढतो आणि वरच्या स्वरांकडे पुन्हा चढत जातो. ट्रान्झिस्टरचा नेहमीचा अ‍ॅम्प या चढउतारांकडे फारसं लक्ष देत नाही. ट्यूब अ‍ॅम्प देतो. जिथे अवरोध वाढतो तिथे तो जास्त जोर लावतो, म्हणून खालचा भाग भरतो आणि वरचा उजळतो. व्हॉक्सच्या एसी३० सारख्या, निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा काही भाग परत आत घेऊन त्याला आवर घालणं) नसलेल्या अ‍ॅम्पमध्ये तर हे फारच जाणवतं. स्पीकरच्या जागी साधा रेझिस्टर लावून आवाज कमी करणारी उपकरणं मिळतात. ती वापरल्यावर टोन मलूल झाल्याची तक्रार होते. त्यातला काही भाग कमी आवाजात आपल्या कानाला वाटणाऱ्या फरकाचा, पण उरलेला स्पीकरचा हा चढउतारच नाहीसा झाल्याचा असतो. ट्यूबचे गुण उमटायलाही समोर स्पीकर लागतो, एवढंच यातून सिद्ध होतं. ट्यूबची जात, म्हणजे ईएल३४ की ६एल६, आणि बायस, म्हणजे ट्यूबमधल्या स्थिर प्रवाहाची मांडणी, नीट बसवलेला आहे की नाही, याने फरक पडतो. खराब ट्यूब खरखर करते, ती बदललीच पाहिजे. माझा विरोध आहे तो चांगल्या चालणाऱ्या ट्यूब नावासाठी बदलत बसण्याला.

दुसरा मुद्दा आवाजाच्या पातळीचा, आणि तो आपल्या शहरांत फार महत्त्वाचा आहे. स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या पॉवर ट्यूब दबू लागण्यासाठी अ‍ॅम्प बराच वर न्यावा लागतो. गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९६६ मध्ये जॉन मेयॉलबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रिकेचा टोन स्टुडिओत अ‍ॅम्प मोठ्याने वाजवण्याच्या हट्टातून आला. पण ग्रीनबॅकची संवेदनशीलता ९८ डेसिबल आहे, म्हणजे नुसत्या एका वॅटला एक मीटरवर ९८ डेसिबल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पुण्या-मुंबईच्या सदनिकेत १०० वॅटचा अ‍ॅम्प घेणारा तो कधीच त्याच्या खऱ्या टोनपर्यंत नेऊ शकणार नाही. आणि १०० वॅट कानाला १० वॅटपेक्षा फक्त दुपटीच्या आसपास मोठे वाटतात, १०० आणि ५० मधला फरक तर तीन डेसिबलचा. इथे स्पीकरची निवड पुन्हा उपयोगी पडते. १०० डेसिबलचा सेलेशनचा व्हिंटेज ३० स्पीकर काढून ९५ च्या आसपासचा स्पीकर बसवला तर अ‍ॅम्पची ताकद जवळजवळ एक तृतीयांश केल्यासारखं होतं आणि तो थोडा अधिक उघडता येतो. मैदानावर, पेटी माइकविना वाजणार असेल तर उलटं करावं, म्हणजे जास्त वॅटचा अ‍ॅम्प विकत घेण्याची गरजच उरत नाही.

आता डिजिटल यंत्रं हे सगळं करतात, मग एवढा खटाटोप कशाला, असाही प्रश्न येतो. ती यंत्रं वाईट नाहीत. पण त्यांत कुठल्या फाइलींची मोठी देवघेव होते ते पाहावं. स्पीकरच्या पेट्यांच्या ध्वनिप्रतिसादाच्या. तीच गिटार, तोच अ‍ॅम्प, फक्त पेटीची फाइल बदलली की वाद्यच बदलल्यासारखं वाटतं. ट्यूबच्या ब्रँडच्या अशा फाइली विकायचं कुणाच्या फारसं मनात येत नाही.

स्पीकर बदलताना ओहम जुळवावेत, त्याची वॅटक्षमता अ‍ॅम्पपेक्षा कमी नसावी, आणि स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीच वाजवू नये, कारण त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अ‍ॅम्पच्या आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही जीवघेणा विद्युतदाब शिल्लक राहू शकतो, म्हणून तिथे जाणकाराशिवाय हात घालू नये. स्पीकर बदलणं त्या मानाने सुरक्षित आणि घरी होण्यासारखं काम आहे. पण नवा स्पीकर विकत घेण्याआधी एक फुकटचा उपाय करून पाहावा. बारा इंची स्पीकरमधले वरचे स्वर समोर अरुंद झोतात जातात. अ‍ॅम्प जमिनीवर असला की तो झोत वादकाच्या गुडघ्यांवर पडतो. वादकाला आवाज बोथट वाटतो, तो ट्रेबल वाढवतो आणि समोर बसलेल्यांचे कान फाटतात. फेंडरने १९६० च्या दशकात मोठ्या अ‍ॅम्पना मागे कलण्यासाठी पाय दिले होते. आज त्यासाठी खुर्ची किंवा विटाही चालतील. अ‍ॅम्प तिरका करून कोनाचं तोंड आपल्या कानाकडे आणावं आणि ट्रेबल, बास, मिडलची बटणं पुन्हा पहिल्यापासून लावावीत.